क्वालालंपूरला बिऱ्हाड नेताना

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)



गेली दोन-तीन वर्षं मला कवितेसाठी कमी आणि क्वालालंपूरसाठी जास्त फोन येतात. ओळखीतल्या कुणाच्या मुलाला तिथं नोकरी लागलेली असते, कुणाच्या जावयाची बदली झालेली असते. घरातली मोठी माणसं विचारतात, "तुमची लेक तिकडंच असते ना? काय न्यायचं, काय नाही, जरा सांगा." मी काही या विषयातला जाणकार नाही. बी.ए. करून कविता लिहीत बसलेला कोकणातला माणूस मी. पण माझी थोरली मुलगी संसार घेऊन तिकडं गेली तेव्हा आमच्या हातून ज्या चुका झाल्या, त्या तुमच्या हातून होऊ नयेत, म्हणून चार गोष्टी सांगतो.

पहिली चूक कागदाची. जावयाला तिथल्या कंपनीत नोकरी मिळाली, त्याचा परवाना आला. मुलीचा अर्ज मात्र अडकला. तिचा निकाहनामा उर्दूत, काझीसाहेबांच्या सुंदर अक्षरातला. पासपोर्टवर तिचं नाव माहेरचं आणि पदवीच्या प्रमाणपत्रावर त्याच नावाचं स्पेलिंग वेगळं. परदेशातल्या अधिकाऱ्यानं यातून एकच बाई कशी ओळखायची? जावई एकटाच पुढं गेला आणि मुलगी पाच महिने आमच्याकडं राहिली. दोष कुणाचाच नव्हता, आमचाच होता. लग्नाला चार वर्षं झाली होती, पण सरकारी नोंदणी करायचं आम्हाला कधी सुचलंच नव्हतं.

म्हणून पहिलं सांगणं हे, की लग्न कुठल्याही पद्धतीनं झालेलं असो, महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्याखाली त्याची नोंद करून दाखला हातात घ्या. इंग्रजीत नसलेल्या कागदाचं अधिकृत भाषांतर करून घ्या. पासपोर्ट, पदवी, विवाहाचा दाखला आणि मुलांचे जन्मदाखले एका ओळीत मांडून प्रत्येक नाव अक्षर न् अक्षर ताडून पाहा. आमच्यात एकाच माणसाचा शाळेत 'महंमद' आणि पासपोर्टवर 'मोहम्मद' होतो. तुमच्यात वडिलांचं नाव कधी मधे येतं, कधी गळतं. मलय माणसाला आडनाव नसतं, स्वतःचं नाव आणि पुढं 'बिन' किंवा 'बिंती' लावून वडिलांचं नाव असतं. त्यामुळे आपलं आडनाव तिथं कुठल्या रकान्यात जाऊन बसेल, याचा नेम नसतो. पासपोर्टवर आहे तसंच नाव सगळीकडं लिहायचं, एवढा एक नियम पाळला की निम्मी डोकेदुखी कमी होते.

दुसरी गोष्ट परवान्याची. मलेशियानं १ डिसेंबर २०२३ पासून भारतीय पाहुण्यांना तीस दिवस व्हिसाशिवाय राहण्याची सवलत दिली. मी स्वतः २०२४ मध्ये त्याच सवलतीत महिनाभर जाऊन आलो. पण ही सवलत पाहुण्यांची आहे, कामाची नव्हे. "आधी फिरायला जा, तिथं गेल्यावर कामाचा कागद करून देतो" असं कुणी एजंट म्हणाला, तर त्याला चहा पाजून परत पाठवा. अशा बोलण्यावर विसंबून गेलेल्यांच्या नशिबी पोलीस ठाणं आणि तुरुंग आलेला आहे. नोकरीचा परवाना, म्हणजे एम्प्लॉयमेंट पास, नोकरी देणारी कंपनी काढते. त्याचे पगाराप्रमाणे वर्ग असतात आणि ते आकडे सरकार बदलत असतं. तेव्हा आपला वर्ग कोणता, परवाना किती वर्षांचा आणि कुटुंब नेता येईल का, ही तीन उत्तरं कंपनीकडून लेखी घ्यावीत. ज्यांच्या पासपोर्टवर 'ईसीआर' असा शेरा आहे, त्यांना कामासाठी मलेशियाला जाताना भारत सरकारची वेगळी मंजुरी लागते, हेही ध्यानात असू द्या. आणि पासपोर्ट कुणालाही 'सांभाळायला' देऊ नका. दुसऱ्याचा पासपोर्ट बेकायदा स्वतःकडे ठेवणं हा तिथल्या १९६६ च्या पासपोर्ट कायद्यानं गुन्हा आहे, मग ठेवणारा तुमचा मालक का असेना.

आता घर. तिथं भाड्याचं घर घेताना बहुधा दोन महिन्यांचं भाडं अनामत, वीज-पाण्यासाठी अर्ध्या महिन्याची अनामत आणि पहिल्या महिन्याचं भाडं आगाऊ द्यावं लागतं. म्हणजे पहिला पगार हाती येण्याआधीच साडेतीन महिन्यांच्या भाड्याएवढी रक्कम जवळ हवी. करारावर सरकारी मुद्रांक शुल्क भरलं आहे ना, ते पाहा. नोकरी गेली किंवा बदली झाली तर ठरावीक मुदतीची सूचना देऊन घर सोडता येईल, असं कलम करारात घालून घ्या. नाहीतर नोकरी सुटते आणि घर मानेवर राहतं. ताबा घेताना भिंती, नळ, पंखे, गादीवरचा डागसुद्धा, सगळ्याचे फोटो काढून मालकाला पाठवा. घर सोडताना अनामत परत मिळण्याचा भरवसा त्या फोटोंवरच असतो. घर शक्यतो एलआरटी किंवा एमआरटीच्या स्थानकापासून चालत जाता येईल असं बघा. स्थानक लांब असलं की भाड्यात वाचलेले पैसे टॅक्सीत जातात.

पैशाचा हिशेब थोडा वेगळा आहे. तिथलं आयकराचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर. त्या वर्षात १८२ दिवस मुक्काम झाला तर तुम्ही करापुरते रहिवासी ठरता आणि उत्पन्नाप्रमाणे चढत्या दरानं कर लागतो. एरवी पगारावर सरसकट तीस टक्के कापले जातात. ऑगस्टमध्ये रुजू झालेल्या माणसाचा पहिल्या वर्षी पगार हातात आल्यावर चेहरा का पडतो, ते यावरून कळेल. पुढच्या वर्षाला जोडून येणाऱ्या मुक्कामाचे काही नियम असतात, ते तिथल्या कर सल्लागाराला विचारावेत. ऑक्टोबर २०२५ पासून परदेशी कर्मचाऱ्यांनाही भविष्य निर्वाह निधी लागू झाला आहे. त्यात दोन टक्के आपले आणि दोन टक्के कंपनीचे. नोकरी सोडून परत येताना कंपनीला करखात्याला आगाऊ कळवावं लागतं आणि कर चुकता झाल्याचं पत्र येईपर्यंत शेवटचे पैसे अडकून राहतात. म्हणून परतीच्या तिकिटाचे पैसे वेगळे ठेवा. इकडं आपल्या बँकेतही परदेशी राहायला गेल्याचं कळवून बचत खातं 'एनआरओ' करून घ्यायचं असतं. बरेच लोक ते विसरतात.

बरोबर काय न्यायचं? लोकरीचे कपडे नेऊ नका. हे शहर विषुववृत्ताच्या तीनच अंश उत्तरेला आहे, तिथं हिवाळा नाही. बारा महिने उकाडा आणि दुपारी बरेचदा कडकडून पाऊस. छत्री मात्र रोज हवी. सुमात्रा बेटावर जंगलं आणि रानं जळतात तेव्हा त्यांचा धूर या शहरावर येऊन बसतो. दम्याच्या माणसानं तयारीनं जावं. डेंगीही आहे. औषधं मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्या. दुसऱ्याचं पुडकं, मग ते सख्ख्या शेजाऱ्याचं का असेना, नेऊ नका. अमली पदार्थांच्या तस्करीसाठीची सक्तीची फाशी मलेशियानं २०२३ मध्ये रद्द केली, पण फाशी रद्द केलेली नाही. ती देणं न देणं आता न्यायाधीशाच्या हाती आहे. मिक्सर नेलात तरी चालेल, विजेचा दाब आपल्यासारखाच आहे. फक्त प्लग तीन चपट्या पट्ट्यांचा लागतो. तांदळाचं पीठ हवं तेवढं मिळतं, त्यामुळे आमच्या भाकरीची चिंता मिटली.

शाकाहारी मंडळींसाठी एक सूचना. तिथं नुसतं "मांस नको" म्हटलं, तर पानात मासळी येईल. भाजीतसुद्धा बारीक सुकी मासळी घालतात. आपण कोकणात ज्याला जवळा म्हणतो, तसली बारीक कोळंबी आंबवून, वाळवून केलेला 'बेलाचान' नावाचा मसाला चटणीत असतो. म्हणून मासळी नको, कोळंबी नको, अंडं नको, असं एकेक नाव घेऊन सांगा. ब्रिकफील्ड्स भागात दक्षिण भारतीय शाकाहारी खानावळी आहेत. तमिळ मुसलमानांची 'मामाक' दुकानं रात्री उशिरापर्यंत उघडी असतात. तिथं पराठ्याची बहीण शोभेल अशी रोटी चनाई आणि उंचावरून ओतून फेसाळलेला चहा मिळतो. मुसलमान वाचकांसाठी आणखी दोन गोष्टी. रमजानमध्ये दिवसा चारचौघांत खाणं मुसलमानांसाठी तिथं कायद्यानं गुन्हा आहे. प्रवासात नवरा-बायकोनं विवाहाचा दाखला जवळ ठेवावा, कारण शरियत खात्याची माणसं तो मागू शकतात. बाकी आम्हा कोकणी मुसलमानांना तिथल्या मशिदीत परकं वाटत नाही. आम्ही शाफई आणि मलय लोकही शाफई. फजरच्या नमाजात इमामानं हात उचलून दुआ मागितली, तेव्हा मला आमचा मोहल्लाच आठवला.

आता या सगळ्याहून महत्त्वाची गोष्ट. ती कुठल्याही यादीत नसते.

जावई सकाळी कामावर जायचा आणि संध्याकाळी यायचा. त्याला कचेरी होती, सहकारी होते. माझी मुलगी इथं सहा वर्षं शाळेत शिकवत होती. तिथं ती 'डिपेंडंट पास'वर गेली. या पासवर वेगळ्या परवानगीशिवाय नोकरी करता येत नाही. पैसे घेऊन घरी शिकवण्याही घेता येत नाहीत. पहिले दोन महिने नव्या शहराच्या नवलाईत गेले. तिसऱ्या महिन्यापासून तिचे फोन आखूड होत गेले. एकदा म्हणाली, "अब्बा, इथं सगळं छान आहे. फक्त दिवसभर माझं नाव कुणी घेत नाही." मी त्या रात्री झोपलो नाही. पुढं सवलतीतले तीस दिवस घेऊन तिकडं गेलो, तो यासाठीच.

तिथं जाऊन मी काही मोठं केलं नाही. आम्ही दोघांनी मिळून पाट्या वाचायला सुरुवात केली. 'मासुक' म्हणजे आत, 'केलुआर' म्हणजे बाहेर, 'आवास' म्हणजे सावधान, 'तांदास' म्हणजे शौचालय. 'पर्चुमा' म्हणजे फुकट, हा शब्द लगेच पाठ झाला. वाचता वाचता लक्षात आलं, की ही भाषा आपल्याला पूर्वीपासून ओळखते. भाषेला ते 'बहासा' म्हणतात, शिक्षकाला 'गुरू', नवऱ्याला 'सुआमी' आणि बायकोला 'इस्तरी'. 'दुनिया' आणि 'खबर' हे अरबीतून त्यांच्याकडं गेले, तसेच आपल्याकडंही आले. अलमारीला ते 'अल्मारी'च म्हणतात आणि टॉवेलला 'तुआला'. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतलं आणि १५११ मध्ये मलाक्का. त्यांच्या जहाजांतून आलेले शब्द दोन्ही किनाऱ्यांवर राहून गेले.

मुलगी शिक्षिका. तिला यात गोडी वाटू लागली. लिफ्टमध्ये भेटणाऱ्या शेजारणीला ती 'काक', म्हणजे ताई, म्हणू लागली. तिथं रस्त्यावरही माणसं नात्यानंच हाक मारतात. टॅक्सीवाला 'अबांग' म्हणजे दादा, म्हातारीला 'माचिक' म्हणजे मावशी. आपल्याला हे शिकवावं लागत नाही. त्या ताईनं भात शिजवून पाठवला, हिनं सांदणं पाठवली. ताई हिला नावानं हाक मारू लागली आणि ती हाक फोनवर मलाही ऐकू आली.

म्हणून बिऱ्हाड नेणाऱ्यांना माझं सांगणं आहे, की नोकरी करणाऱ्याची तयारी कंपनी करून देते, मागं घरात राहणाऱ्याची तयारी कुणीच करत नाही. ती जाण्याआधी आपणच करायची. ती बाई असेल किंवा बाप्या. तिला कामाची परवानगी मिळण्याची काही वाट आहे का, हे नोकरीला होकार देण्यापूर्वीच कंपनीला विचारा. नसेल, तर तिनं इथली नोकरी सोडण्याऐवजी बिनपगारी रजा मिळते का पाहावं. जाण्याआधी शंभर मलय शब्द दोघांनीही शिकावेत. आणि घर घेताना उंच मजल्यावरून दिसणारा देखावा बघण्यापेक्षा खाली बाजार, बाग, चार माणसं आहेत का, ते आधी बघावं. तिथं मराठी कुटुंबं आहेत, गणपती बसतात, ईद होते. पहिल्याच महिन्यात त्यांना शोधून काढावं.

मलय भाषेत आभार मानताना 'तेरिमा कासिह' म्हणतात. 'तेरिमा' म्हणजे स्वीकार आणि 'कासिह' म्हणजे माया. विमानतळावर उतरताच हा शब्द वापरायला लागा. समोरचा 'सामा-सामा' म्हणेल. म्हणजे आपण दोघं सारखेच.