आजोबांचं अकाउंट हँग, नातवाचं टकाटक

मुलुंड पूर्वेहून एका वाचकांचं पत्र आलंय आणि त्यातला प्रश्न निम्म्या उपनगरातल्या घरांना लागू पडेल असा आहे.

घरात एकच डेस्कटॉप, हॉलमध्ये, टीव्हीच्या बाजूला. त्यावर तीन अकाउंट: वाचकांचं स्वतःचं, सुनेचं आणि नववीतल्या नातवाचं. वाचक सोसायटीचे सेक्रेटरी. नोटिसा, थकबाकीच्या याद्या, सभेची इतिवृत्तं, सगळं त्यांच्या अकाउंटमध्ये. गेला महिनाभर त्यांनी लॉग-इन केलं की डेस्कटॉप येतो, आयकॉन दिसतात, पण एखादं फोल्डर उघडायला जावं तर निळं कडं गरगरत राहतं, विंडो पांढुरकी पडते आणि पुढे काही म्हणता काही होत नाही. त्याच मशीनवर नातू मात्र मजेत गेम खेळतो. साहजिकच घरात संशय नातवावर. स्टेशनजवळच्या दुकानातल्या मुलानं फोनवरच निकाल देऊन टाकला, "काका, फॉरमॅट मारावा लागेल." वाचक विचारतात, मारू का?

मुळीच नाही.

अर्धं निदान त्यांच्या पत्रातच आहे. नातवाचं अकाउंट नीट चालतंय, म्हणजे प्रोसेसर, रॅम आणि विंडोज बहुधा ठणठणीत आहेत. बिल्डिंगला पाणी आहे, शेजाऱ्यांकडे पाणी आहे, आपल्याच बाथरूमचा नळ कोरडा आहे, अशा वेळी प्लंबर गच्चीवरच्या टाकीवर चढत नाही. दुकानातल्या मुलाला मी फार दोष देणार नाही. फॉरमॅटला किती वेळ लागतो आणि किती पैसे सांगायचे हे त्याला पाठ असतं. दोष शोधत बसलं तर दोन्हींचा हिशेब लागत नाही. पण फॉरमॅट त्याच्या सोयीचा आहे, तुमच्या नाही. (एक अपवाद: हार्ड डिस्कचा खराब झालेला भाग नेमका आजोबांच्या फायलींखाली असू शकतो. डिस्क जुनी असेल आणि कटकट आवाज करत असेल तर बाकी सगळं सोडून आधी फायलींची कॉपी काढा.)

बिघाड शोधायचा कसा? मशीन गोठल्यासारखं वाटलं की पहिल्यांदा कॅप्स लॉक दाबून बघा. कीबोर्डवरचा दिवा लागतो-विझतो आहे का? मग आतलं मशीन जिवंत आहे, लगेच पॉवरचं बटण दाबून धरू नका. त्यानंतर कंट्रोल, ऑल्ट, डिलीट.

या तीन बटणांबद्दल सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. १९८१ साली आयबीएमचा पीसी आला, त्याच्या चमूतल्या डेव्हिड ब्रॅडली या इंजिनिअरनं ती जुळणी बसवली. बसवली ती स्वतःच्या माणसांसाठी, दर वेळी मशीन बंद-चालू न करता पुन्हा सुरू करता यावं म्हणून. १९९३ साली आलेल्या विंडोज एनटीनं त्याच बटणांना लॉग-इनच्या पहारेकऱ्याचं काम दिलं आणि ती जगभर पोचली. २००१ मध्ये पीसीला वीस वर्षं झाली तेव्हाच्या कार्यक्रमात बिल गेट्स शेजारी बसलेले असताना ब्रॅडलींनी टोला हाणला होता, की शोध माझा असेल, पण तो गाजवला बिलनी. आपल्या कामाची गोष्ट अशी की ही बटणं दाबलेली थेट विंडोजच्या गाभ्याला कळतात. अकाउंटमधला कुठलाही प्रोग्रॅम त्यांना मधल्या मध्ये अडवू शकत नाही. म्हणून डेस्कटॉप ठप्प असला तरी वेगळा पडदा उघडतो आणि तिथून टास्क मॅनेजर गाठता येतो. त्यात विंडोज एक्सप्लोरर निवडून रीस्टार्ट म्हणा. टास्कबार क्षणभर गायब होऊन परत येईल, घाबरू नका.

वाचकांनी हे करून बघितलं. दोन-चार मिनिटं बरं, पुन्हा तेच. मग मी त्यांना फोन केला आणि वायफाय बंद करून बघायला सांगितलं. वायफाय बंद होताच फोल्डर पटापट उघडू लागली. चालू केलं की पुन्हा कडं गरगरायला लागलं. म्हणजे एक्सप्लोरर नेटवर्कवर कुणाची तरी वाट बघत होता. विचारलं, घरात आणखी कुठला कॉम्प्युटर होता का? "मुलाचा लॅपटॉप होता ना. तो घेऊन हिंजवडीला गेला, नवी नोकरी." कधी? "महिना झाला असेल."

सापडलं. मुलाच्या लॅपटॉपवरचं फोटोंचं फोल्डर आजोबांनी एक्सप्लोररच्या डाव्या पट्टीत, क्विक अ‍ॅक्सेसमध्ये, पिन करून ठेवलं होतं. लॅपटॉप पुण्याकडे गेला, पिन इथेच राहिली. दर वेळी एक्सप्लोरर उघडला की तो लॅपटॉप घरात शोधायचा, उत्तर येत नाही म्हणून थांबून राहायचा. नातवाच्या अकाउंटमध्ये ती पिन नव्हती, त्यामुळे त्याला काही त्रास नव्हता. नातू निर्दोष सुटला हे इथे छापील स्वरूपात नोंदवतो.

उपाय सोपा. वायफाय बंद ठेवून त्या फोल्डरवर राइट क्लिक करायचं आणि अनपिन म्हणायचं. एक्सप्लोरर तेवढीही उसंत देत नसेल तर टास्क मॅनेजरमधून रन न्यू टास्क उघडा, इंग्रजीत कंट्रोल, मग एक जागा सोडून फोल्डर्स असं टाइप करा. जी खिडकी येईल तिच्यात सगळ्यात वर एक्सप्लोरर कुठे उघडावा ते विचारलेलं असतं. तिथे धिस पीसी निवडा. डेस्कटॉपवर मेलेल्या नेटवर्क ड्राइव्हचे शॉर्टकट असतील तर तेही काढा. डाउनलोड्समध्ये अर्धवट उतरलेला व्हिडिओ असला तरी असंच होतं. त्याचं छोटं चित्र दाखवायच्या नादात एक्सप्लोरर अडकतो.

आता माझा जुना राग. एकत्र वापराच्या कॉम्प्युटरवर कुणी साइन आउट करतच नाही. सगळे स्विच यूझर करतात. ही सोय २००१ साली एक्सपीबरोबर आली आणि सोय म्हणून झकासच आहे, पण स्विच केल्यावर आधीच्या माणसाचे सगळे प्रोग्रॅम मागे चालूच राहतात. सुनेचा ब्राउझर, त्यातले ऑफिसचे टॅब, अर्धवट एक्सेल. नातवाचा गेम आणि त्याचा गप्पांचा प्रोग्रॅम. त्यावर आजोबांचं लॉग-इन. आठ जीबी रॅम अशा तिघांत वाटली की शेवटी येणाऱ्याच्या वाट्याला उष्टंखरकटं. टास्क मॅनेजरमध्ये यूझर्स नावाचा टॅब आहे, तो उघडून बघा. कोण कोण अजून आत आहे आणि प्रत्येकानं किती मेमरी दाबून ठेवली आहे, सगळं नावानिशी दिसतं. अ‍ॅडमिन असाल तर तिथूनच राइट क्लिक करून दुसऱ्याला साइन ऑफ करता येतं, पण आधी त्या माणसाला हाक मारून विचारा. शट डाउन करताना, आणखी कुणी तरी हा पीसी वापरतंय, त्यांचं न साठवलेलं काम जाईल, असा इशारा येतो. तो न वाचता पुढे जाणारा माणूस प्रत्येक घरात असतो.

इथवरचं गोठणं साधं. चिंतेचं असतं ते वेगळं. सी ड्राइव्हमधल्या यूझर्स फोल्डरमध्ये प्रत्येकाच्या नावाचं एकेक फोल्डर असतं. त्यात एनटीयूझर डॉट डॅट नावाची एक लपवलेली फाइल असते. तुमचा वॉलपेपर, टास्कबार, कीबोर्डची भाषा, कोणता प्रोग्रॅम आपोआप सुरू व्हायचा, या सगळ्या आवडीनिवडी तिच्यात. तुम्ही लॉग-इन असेपर्यंत ती उघडी असते आणि तिच्यात लिहिणं चालू असतं. नेमकी त्याच वेळी वीज गेली तर ती खराब होऊ शकते.

मुंबईत वीज जात नाही ही आपली समजूत १२ ऑक्टोबर २०२० ला गेली. सकाळी दहाच्या सुमारास ग्रिड कोसळलं, लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. बिल मुलुंड-भांडुपसारखं महावितरणचं असो की अंधेरी-बोरिवलीसारखं अदानीचं, सगळे सारखेच अंधारात. त्यातही ते लॉकडाउनचं वर्ष. घराघरात ऑनलाइन शाळा आणि घरून ऑफिस, एकाच मशीनवर दोन-तीन अकाउंट उघडी. लॅपटॉपवाल्यांना बॅटरीनं तारलं. डेस्कटॉपवाल्यांकडे यूपीएस असला तर असला, आणि असला तरी त्याची बॅटरी बदलायची असते हे कोणाला आठवतं?

ती फाइल खराब झाली की लॉग-इन केल्यावर डेस्कटॉप कोरा करकरीत दिसतो, फायली नाहीत, फोटो नाहीत, आणि कोपऱ्यात सूचना येते की तुम्ही तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये आहात. इथे लोक हबकतात. फायली गेलेल्या नसतात, यूझर्समधल्या तुमच्या फोल्डरमध्ये जशाच्या तशा असतात. मात्र त्या तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये नवीन काही साठवू नका, साइन आउट करताच ते पुसलं जातं. एकदा रीस्टार्ट करून बघा. शट डाउन करून पुन्हा चालू करणं आणि रीस्टार्ट एकच नव्हे. विंडोज ८ पासून शट डाउन करताना गाभ्याचा भाग झोपवून ठेवला जातो, रीस्टार्टमध्ये तो खरोखर नव्यानं सुरू होतो.

तेवढ्यानं भागलं नाही तर त्या माणसासाठी नवं अकाउंट काढा. सेटिंग्जमध्ये अकाउंट्स, अदर यूझर्स, अ‍ॅड अकाउंट. ईमेल मागेल तिथे, या व्यक्तीची माहिती माझ्याकडे नाही, अशा अर्थाची ओळ निवडा, म्हणजे मायक्रोसॉफ्ट अकाउंटशिवाय पुढे जाता येतं. मग अ‍ॅडमिन अकाउंटमधून जुन्या फोल्डरमधलं डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स एवढंच नव्यात कॉपी करा. एनटीयूझर या नावानं सुरू होणाऱ्या फायलींना हात लावू नका, नाहीतर दुखणं बरोबर येईल. ब्राउझरनं लक्षात ठेवलेले पासवर्ड अशा कॉपीनं येत नाहीत. ते त्या त्या अकाउंटच्या किल्लीनं बंद केलेले असतात. जुनं अकाउंट उघडत असेल तोवरच ते काढून घ्या.

मराठीत टाइप करणाऱ्यांनी आणखी एक बघावं. विंडोज १० च्या २०१८ अखेरच्या आवृत्तीपासून साधं इन्स्टॉल म्हटलं की फाँट फक्त त्याच अकाउंटपुरता बसतो. आजोबांच्या नोटिसा श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये असतील तर नव्या अकाउंटमध्ये त्या उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसेल. फाइल बिघडलेली नसते. फाँटवर राइट क्लिक करून इन्स्टॉल फॉर ऑल यूझर्स म्हणा.

आणि नातवानं आजोबांचा पासवर्ड ओळखायचा प्रयत्न करून अकाउंट बंद पाडलं असेल, तर ते गोठणं नव्हे. २०२२ नंतर नव्यानं बसवलेल्या विंडोज ११ मध्ये दहा वेळा चुकल्यावर अकाउंटला दहा मिनिटं कुलूप लागतं. चहा घेऊन या.

अशा अडचणीचं पत्र पाठवताना तीन गोष्टी आवर्जून लिहा: विंडोज कुठली आहे, रॅम किती आहे आणि घरातल्या दुसऱ्या कुणाचं अकाउंट नीट चालतं का. विंडोज १० असेल तर मायक्रोसॉफ्टनं तिचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला आहे, तेही लक्षात असू द्या. आणि पत्राचं उत्तर मिळेपर्यंत फॉरमॅटला कुणालाही हो म्हणू नका.