दिवसा बिलिंग, रात्री गेमिंग: घरातला एकुलता एक लॅपटॉप तापण्यापासून कसा वाचवायचा?



आज विषय जरा वेगळा आहे. मार्केटिंग नाही, उधारी वसुली नाही. आज बोलूया तुमच्या लॅपटॉपबद्दल, आणि रात्री त्याच लॅपटॉपवर गेम खेळणाऱ्या तुमच्या मुला-मुलीबद्दल.

छोट्या व्यवसायात बहुतेक वेळा लॅपटॉप एकच असतो. दिवसभर दुकानात त्याच्यावर टॅली, बिलं, कोटेशन. रात्री नऊनंतर तोच लॅपटॉप घरी येतो आणि त्याच्यावर व्हॅलोरंट किंवा जीटीए सुरू होतं. अर्ध्या तासात पंखा मिक्सरसारखा आवाज करायला लागतो, कीबोर्डला हात लावला तर चटका बसतो. मग संवाद ठरलेला. "अरे, बंद कर तो गेम, लॅपटॉप जळेल!" "बाबा, पाचच मिनिटं!"

गेम बंद करणं हा एक उपाय झाला. पण लॅपटॉप नीट वापरला तर गेमही चालतो आणि धंद्याचं मशीनही टिकतं. त्यातले बरेचसे उपाय फुकट आहेत. म्हणून कूलिंग पॅड किंवा नवा लॅपटॉप घेण्याआधी हा लेख पूर्ण वाचा.

उष्णता येते कुठून?

तुमच्या चार्जरवर बारीक अक्षरात आउटपुट लिहिलेलं असतं. समजा तिथे १९.५ व्होल्ट आणि ३.३३ अँपिअर असं आहे. दोन्हींचा गुणाकार करा, साधारण ६५ वॅट येतात. हा झाला ऑफिस कामाचा लॅपटॉप. गेमिंग लॅपटॉपचा चार्जर १५० ते २३० वॅटचाही असतो.

आता लक्षात घ्या, लॅपटॉप जेवढी वीज खातो, ती जवळजवळ सगळी शेवटी उष्णताच होते. बिल बनवताना तो थोडीच वीज घेतो. गेम खेळताना प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप दोन्ही पूर्ण जोरात चालतात. १२० वॅट म्हणजे ६० वॅटचे जुने पिवळे बल्ब दोन. ते जेवणाच्या डब्यात बंद करून ठेवले तर काय होईल? तेच इथे होतं. ही उष्णता बाहेर काढायला आत एक किंवा दोन छोटे पंखे, तांब्याच्या नळ्या आणि पातळ जाळी असते. एवढाच सगळा कारभार.

आणि पंखा काही गार हवा तयार करत नाही, खोलीतली हवाच आत ओढतो. खोली १० अंशांनी जास्त गरम असेल, तर चिपही साधारण तेवढीच जास्त तापणार. बऱ्याच कंपन्या लॅपटॉप वापरण्यासाठी ३५ अंश सेल्सियसपर्यंतचं तापमान योग्य सांगतात. मे महिन्यात नागपूर, अकोला, चंद्रपूरकडे बाहेर ४५ अंश असताना पत्र्याच्या खोलीत दुपारी गेम खेळणं म्हणजे मशीनची परीक्षाच.

तापल्यावर लॅपटॉप करतो काय?

लॅपटॉप लगेच जळत नाही. प्रोसेसरला कंपनीने कमाल तापमान ठरवून दिलेलं असतं, बहुतेक ९५ ते १०५ अंशांच्या दरम्यान. तिथे पोचला की तो स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. याला थ्रॉटलिंग म्हणतात. गेम अडकायला लागतो. तरीही उष्णता कमी झाली नाही, तर लॅपटॉप एकदम बंद पडतो.

इथेच पैसे चुकीच्या जागी जातात. "लॅपटॉप स्लो झालाय" म्हणून कोणी रॅम वाढवतं, कोणी विंडोज नव्याने टाकतं, कोणी थेट नवा लॅपटॉप घेतं. प्रत्यक्षात जाळीत धूळ अडकलेली असते. रोग एक, औषध दुसरं!

पायरी १: आधी मोजा

जे मोजता येतं ते सुधारता येतं, हे आपण धंद्यात नेहमी बोलतो. इथेही तेच. एचडब्ल्यू मॉनिटर किंवा कोअर टेम्पसारखं मोफत सॉफ्टवेअर कंपनीच्या मूळ वेबसाइटवरूनच घ्या. अर्धा तास गेम खेळा आणि सर्वात जास्त तापमान वहीत लिहा.

८०-८५ अंशांपर्यंत असेल तर गेम खेळताना ते चालतं. सतत ९५ च्या पुढे असेल आणि गेमही अडकत असेल, तर खालच्या पायऱ्या करायच्याच. एका वेळी एकच बदल करा आणि पुन्हा मोजा. म्हणजे फरक कशाने पडला ते कळेल.

पायरी २: जागा बदला (खर्च शून्य)

बहुतेक लॅपटॉप खालून हवा ओढतात आणि मागून किंवा बाजूने गरम हवा सोडतात. गादी, उशी, ब्लँकेट, मांडी यांच्यावर ठेवला की खालची जाळी बंद. म्हणजे नाक दाबून पळायला लावल्यासारखं.

टेबल नसेल तर घरातला जेवणाचा लाकडी पाट घ्या, त्याच्यावर लॅपटॉप ठेवा. मागच्या दोन कोपऱ्यांखाली बाटलीची सारखी झाकणं ठेवून तो थोडा उचला, फक्त जाळी झाकू नका. मागे भिंतीपासून एक वीत जागा सोडा. चार्जरही गादीवर नको, तोही तापतो. आणि कोणी कितीही सांगितलं तरी लॅपटॉप फ्रीजमध्ये ठेवू नका. आत पाण्याचे थेंब जमतात.

पायरी ३: गेमला लगाम घाला (खर्च शून्य)

हा मुद्दा मुलांना दाखवा, त्यांना पटकन कळेल. तुमचा स्क्रीन ६० हर्ट्झचा असेल, तर तो सेकंदाला ६० चित्रंच दाखवतो. पण मर्यादा घातली नसेल तर हलक्या गेममध्ये ग्राफिक्स चिप सेकंदाला १५०-२०० चित्रं बनवत बसते. ६० गिऱ्हाईकांसाठी २०० ताटं वाढण्यासारखं झालं हे. वरची ताटं वाया, गॅस मात्र जळतोच.

गेमच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये फ्रेम लिमिट ६० करा. तो पर्याय नसेल तर व्ही-सिंक चालू करा. सावल्या आणि रिफ्लेक्शन यांची पातळी एक पायरी खाली आणा. मेनूमध्ये किंवा गेम मागे उघडा असताना फ्रेम कमी करायची सोय असेल, तर तीही चालू करा. स्पर्धेत खेळणाऱ्या मुलांना जास्त फ्रेम हव्या असतात, हे खरं. त्यांनी स्क्रीनच्या हर्ट्झएवढी मर्यादा ठेवून तापमान बघावं.

पायरी ४: प्रोसेसरची घाई कमी करा (खर्च शून्य)

विंडोजमध्ये कंट्रोल पॅनल, मग पॉवर ऑप्शन्स, मग तुमच्या प्लॅनच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्ज उघडा. प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंटमध्ये मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट १०० च्या जागी ९९ करा. एका टक्क्याने काय होणार, असं वाटेल. पण बहुतेक लॅपटॉपमध्ये त्याने टर्बो बूस्ट बंद होतो. म्हणजे प्रोसेसर नेहमीच्या वेगापेक्षा वर उडी मारत नाही. तापमान चांगलंच उतरतं, गेमचा वेग थोडा कमी होतो. न आवडल्यास पुन्हा १०० करा. काही लॅपटॉपमध्ये हा पर्याय दिसत नाही. तिथे कंपनीच्या अ‍ॅपमध्ये बॅलन्स्ड किंवा सायलेंट मोड निवडा.

पायरी ५: साफसफाई (थोडा खर्च)

तुमचा लॅपटॉप दिवसा कुठे असतो, याचा विचार करा. पिठाची गिरणी, कापडाचं दुकान, फर्निचरचं वर्कशॉप, किंवा गल्ल्याशेजारी रोज पेटणारी अगरबत्ती. हे सगळं पंख्यातून आत जातं आणि जाळीवर थर बसतो.

घरच्या घरी करायचं तर लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा, आणि हवेच्या कॅनने जाळीत थोडी थोडी हवा मारा. पंखा भिंगरीसारखा फिरू देऊ नका, टूथपिकने पातं अडवून धरा. घरचा व्हॅक्यूम क्लीनर नको, त्याने स्थिर विजेचा धोका असतो.

तीन-चार वर्षं झाली असतील तर प्रोसेसरवरची थर्मल पेस्टही वाळलेली असू शकते. वॉरंटी चालू असेल तर आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा. संपली असेल तर दुरुस्तीवाल्याला स्पष्ट सांगा, "दादा, फॅन आणि हीटसिंक साफ करा, पेस्ट बदला, आणि आधीचं-नंतरचं तापमान मला दाखवा." काम झालं की नाही हे आकडाच सांगेल.

मग कूलिंग पॅड?

घ्या, पण शेवटी. पॅड बाहेरून हवा देतो. आत जाळीच बंद असेल तर ती हवा पोचणार कुठे?

बॅटरीकडे दुर्लक्ष नको

सतत उष्णता आणि सतत १०० टक्के चार्ज, ही जोडी लिथियम बॅटरीला लवकर म्हातारी करते. बऱ्याच कंपन्यांच्या अ‍ॅपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांच्या आसपास थांबवायची सोय असते, ती चालू करा. टचपॅड वर आल्यासारखा वाटतो, झाकण नीट बसत नाही, तळ फुगलाय? मग लगेच वापर थांबवा. चार्ज करू नका, टोचू नका, दाबू नका, थेट सर्व्हिस सेंटरला न्या. यात "बघू नंतर" चालत नाही.

आता धंद्याची गोष्ट

मित्रांनो, लॅपटॉप पुन्हा विकत मिळतो. तीन वर्षांचा टॅली डेटा आणि पार्ट्यांची येणी मिळत नाहीत. समजा १९ तारखेच्या रात्री लॅपटॉप बंद पडला आणि २० तारखेला तुमचं जीएसटीआर-३बी भरायचंय. लेट फी आणि व्याज तर लागेलच, पण धावपळ किती! म्हणून घरात तीन नियम करा.

१. गेम सुरू होण्याआधी त्या दिवसाचा बॅकअप पेनड्राइव्हवर किंवा क्लाउडवर. बॅकअप झाला, तरच गेम.

२. रिटर्न भरायच्या आदल्या रात्री गेमला सुट्टी.

३. तापमानाची वही मुलाकडे किंवा मुलीकडे. महिन्यातून एकदा मोजायचं, लिहायचं, धूळ साफ करायची.

तिसरा नियम सगळ्यात महत्त्वाचा. रोज ओरडण्यापेक्षा जबाबदारी द्या. ज्याला वही सांभाळायची आहे, तो लॅपटॉप गादीवर ठेवणार नाही. कामगारांच्या बाबतीत आपण हेच शिकतो ना? मग घरात का नाही?

आज रात्रीच पहिलं तापमान मोजा आणि पाटावर ठेवून दुसरं मोजा. दोन्ही आकडे कमेंटमध्ये नक्की लिहा, सोबत तुमचं गावही लिहा. म्हणजे कुठल्या उन्हाळ्यात काय चालतं, ते सगळ्यांना कळेल.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत धंदा वाढवा, मशीन थंड ठेवा.