आयपी पत्ता : मजकूर व द्विमान रूप
मनुष्य आयपी पत्ता '१९२.१६८.०.१०' असा वाचतो. संगणक मात्र तो ३२ बिटांची एकच संख्या, ३२३२२३५५३०, म्हणून हाताळतो. हे रूपांतर वरवर सोपे भासते. परंतु छत्रपती संभाजीनगरातील एखाद्या महाविद्यालयीन प्रयोगशाळेत, नोंद नीटनेटकी दिसावी म्हणून, शेवटचा गट '०१०' असा लिहिल्यास सी भाषेतील 'आयनेट_एटॉन' हे जुने फंक्शन त्यास अष्टमान समजून ८ करते व संदेश भलत्याच यंत्राकडे जातो. लिनक्सवरील 'आयनेट_पीटॉन' असा पत्ता सरळ नाकारते. तेच श्रेयस्कर होय. पायथॉनच्या ३.९.४ आवृत्तीत पुढील शून्ये दुर्लक्षिली जात. त्यामुळे तपासणी एका पत्त्याची, तर संपर्क दुसऱ्याशी असा धोका संभवे. २०२१ मध्ये ३.९.५ आवृत्तीत तो दूर करण्यात आला.