आम्ल जमीन आणि मातीतील जिवाणू

कोल्हापूर जिल्ह्याची जमीन पूर्वेकडून पश्चिमेकडे बदलत जाते. पूर्वेस शिरोळ भागात नदीकाठची खोल काळी माती आहे, तर सह्याद्रीलगतच्या राधानगरी, गगनबावडा या भागांत जांभ्या खडकापासून झालेली तांबडी माती आहे. कागल तालुका या दोहोंच्या मध्ये येतो. दूधगंगा व वेदगंगा यांच्या काठी काळी कसदार जमीन आणि चढावर, माळावर हलकी जमीन, असे भिन्न प्रकार येथे पाहावयास मिळतात. कित्येकदा ते एकाच शेतकऱ्याच्या मालकीचे असतात. अशा दोन जमिनींना एकच उपाय सरसकट लावल्यास एकीचा लाभ तर दुसरीची हानी होण्याचा संभव असतो. याचे एक मोठे कारण मातीची आम्लता हे होय.

आम्लता म्हणजे काय?

मातीची आम्लता 'सामू' या अंकाने दर्शवितात. हे माप सोरेनसेन या डॅनिश शास्त्रज्ञाने १९०९ साली रूढ केले. सामू ७ असल्यास माती उदासीन, त्याहून कमी असल्यास आम्ल व अधिक असल्यास विम्ल समजावी. सामूचा एक अंक उतरला की आम्लता दहापट वाढते. म्हणून ६ व ५ यांतील अंतर किरकोळ समजू नये.

अतिपावसाने मातीतील चुना व मॅग्नेशियम झिरपून जातात व माती आम्ल होते. पिकेही हे अंश उचलून नेतात. शिवाय अमोनियम सल्फेट, युरिया यांसारख्या खतांतील नत्राचे जमिनीत नायट्रेट होताना आम्ल निर्माण होते. हलक्या जमिनीला वर्षानुवर्षे केवळ अशीच खते दिल्यास तिची आम्लता वाढत जाते.

जिवाणूंवर होणारा परिणाम

चिमूटभर मातीत कोट्यवधी जिवाणू असतात. पालापाचोळा कुजविणे, त्यातील नत्र मोकळा करणे, त्याचे नायट्रेट बनविणे आणि हवेतील नत्र जमिनीत आणणे ही कामे ते अहोरात्र करीत असतात. बहुतेक उपयुक्त जिवाणूंना ६ ते ८ सामू मानवतो. सामू ६ च्या खाली गेला की ॲझोटोबॅक्टर हा नत्र स्थिर करणारा जिवाणू विरळ होतो व नायट्रेट बनविण्याचे काम मंदावते. बुरशी मात्र आम्लता सोसते. त्यामुळे अशा मातीत जिवाणूंचे बळ घटून बुरशीचे प्राबल्य वाढते. सेंद्रिय पदार्थ सावकाश कुजतात व खत घालूनही पीक उपाशी राहते.

इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथे शेताची एक पट्टी आहे. पूर्वी तीवर चुना कमीअधिक पडल्यामुळे सुमारे १८० मीटर अंतरात सामू ८ हून थोडा वर ते ४ इतका उतरत जातो. माती व हवामान एकच असूनही आम्ल टोकापेक्षा दुसऱ्या टोकाला जिवाणूंची विविधता सुमारे दुप्पट असल्याचे २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळून आले. बुरशीच्या विविधतेत तेवढा फरक नव्हता.

सोयाबीनच्या गाठी

कागलच्या शेतकऱ्यास हा परिणाम सोयाबीन व भुईमूग या पिकांत स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येतो. या पिकांच्या मुळांवरील गाठींत रायझोबियम गटातील जिवाणू हवेतील नत्र स्थिर करतात. सामू ५.५ च्या खाली गेल्यास विरघळलेले ॲल्युमिनियम मुळांना अपाय करते आणि गाठी कमी धरतात. नत्र स्थिरीकरणास आवश्यक असलेले मॉलिब्डेनमही आम्ल मातीत पिकास नीट मिळत नाही.

पेरणीनंतर ३५ ते ४५ दिवसांनी काही रोपे मुळांसह अलगद खणून काढावी व गाठी नखाने फोडून पाहाव्या. आत गुलाबी किंवा लाल रंग दिसल्यास काम नीट चालले आहे असे समजावे. गाठी मोजक्याच किंवा आत पांढऱ्या दिसल्यास पुन्हा युरिया टाकण्याची घाई न करता प्रथम सामू तपासून घ्यावा. गाठी न धरण्यास इतरही कारणे असतात. आम्लतेचा निर्णय परीक्षणावरूनच करावा.

रांची येथील आम्ल तांबड्या जमिनीत सोयाबीन-गहू या पिकांवर दीर्घकाळ चाललेल्या प्रयोगात केवळ नत्रखत दिलेल्या वाफ्यांचे उत्पादन ढासळत गेले; संतुलित खतांसह चुना दिलेल्या वाफ्यांत मात्र ते टिकून राहिले.

काय करावे?

१. काळ्या व तांबड्या जमिनीचे नमुने वेगवेगळे घ्यावे. पीक निघाल्यावर, खत देण्यापूर्वी, शेतात आठ-दहा ठिकाणी १५ ते २० सेंटिमीटर खोलीपर्यंतची माती घेऊन ती एकत्र मिसळावी व त्यातील अर्धा किलो परीक्षणास पाठवावी. बांध, झाडाखालची जागा व उकिरडा टाळावा.

२. परीक्षणात आम्लता आढळली तरच, सांगितलेल्या मात्रेत, बारीक दळलेली चुनखडी पेरणीपूर्वी तीन-चार आठवडे मातीत मिसळावी. पूर्ण मात्रा परवडत नसल्यास पेरणीच्या वेळी सरीतून हेक्टरी २ ते ४ क्विंटल देण्याची पद्धत आहे.

३. चुना व अमोनियमयुक्त खत एकत्र मिसळू नये; नत्र वायुरूपाने उडून जातो.

४. शेणखत, कंपोस्ट भरपूर घालावे. साखर कारखान्याच्या प्रेसमडमुळे सेंद्रिय अंश वाढतो. परंतु सल्फिटेशन पद्धतीच्या कारखान्यातील प्रेसमड चुनखडीची जागा घेऊ शकत नाही.

५. सोयाबीनच्या बियाण्यास जिवाणू संवर्धक चोळून बी सावलीत सुकवावे व लगेच पेरावे. जमीन आम्ल असल्यास आधी ती सुधारावी. नाहीतर संवर्धकावरील खर्च वाया जातो.

काळ्या जमिनीस चुना नको

नदीकाठच्या काळ्या जमिनीत चुन्याचा अंश बहुधा मुळातच असतो. तेथे शेजाऱ्याचे पाहून चुना टाकल्यास सामू अधिक चढून लोह व जस्त पिकास मिळेनासे होते. ऊस पिवळा पडला म्हणून जमीन आम्ल आहे असा तर्क करू नये. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यास मृद् आरोग्य पत्रिकेतील नत्र, स्फुरद, पालाश यांच्या आकड्यांपूर्वी सामूचा आकडा वाचून दाखवावा. मातीतील जिवाणू हे शेतकऱ्याचे बिनपगारी गडी होत. त्यांना मानवेल अशी जमीन राखली, तर पदरचे खत सत्कारणी लागते.