स्टेपनी मिळाली, पण बांधली का?

चाकाच्या ऑफसेटचं गणित संपलं, आता ब्रेक कॅलिपर, असं गेल्या आठवड्यात या सदरात म्हटलं होतं. कॅलिपरला आज रजा. चिखलीच्या जाधववाडीतून एका वाचकाचं पत्र आलंय आणि त्यातल्या एका शब्दाने माझी झोप उडवली आहे.

वाचकाने महिंद्राची बीई 6 घेतली आहे. कंपनी गाडीबरोबर स्टेपनी देत नाही. पंक्चरचं द्रव्य आणि छोटा कॉम्प्रेसर देते. याने खटपट करून एक पातळ चाक मिळवलं. पीसीडी, म्हणजे नटांच्या भोकांचं वर्तुळ, जुळवला, मधलं भोक हबवर बसतंय ते पाहिलं, ऑफसेट आपल्या लेखांवरून तपासला, पुढच्या कॅलिपरला रिम घासत नाही याचीही खात्री केली. शाब्बास. पण शेवटी लिहितो, ‘सध्या चाक डिकीत टाकून फिरतोय. अजून काही करायचं राहिलंय का?’

टाकून! राहिलंय म्हणजे काय, अर्धं काम राहिलंय.

आधी गाडीविषयी. बीई 6 ही काही दोन सीटची स्पोर्ट्‌स कार नव्हे, हे मलाही कळतं. पण मोटर मागे, जोर मागच्या चाकांवर, छप्पर उतरतं, टायर रुंद आणि कमी उंचीचे. त्यामुळे स्टेपनीच्या बाबतीत तिची सगळी दुखणी स्पोर्ट्‌स कारचीच आहेत. शिवाय ती आपल्या शेजारची. मोई फाट्यावरून इंद्रायणी ओलांडली की मोई, पुढे निघोजे, आणि तिथे महिंद्राचा चाकणचा कारखाना. नोव्हेंबर 2024 मध्ये ही गाडी बाहेर आली, तेव्हापासून आपल्या भागात बऱ्याच दिसतात आणि स्टेपनीचा प्रश्न मला विचारणारा हा वाचक पहिला नाही.

स्टेपनी न देणं कायद्यात बसतं. केंद्र सरकारने जुलै 2020 मध्ये मोटार वाहन नियम बदलले आणि 1 ऑक्टोबर 2020 पासून साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाड्यांना सूट मिळाली. टायर ट्यूबलेस हवेत, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा हवी आणि दुरुस्तीचा संच हवा. मग स्टेपनीची सक्ती नाही. वजन वाचतं, जागा वाचते, इलेक्ट्रिक गाडीत बॅटरीला वाव मिळतो. कंपन्यांचं म्हणणं चुकीचं नाही.

फक्त ते आपल्या रस्त्यांना बघून ठरवलेलं नाही. तळवडे ते चिखली या पट्ट्यात भंगाराच्या टेम्पोंमधून सांडलेलं टर्निंग स्क्रॅप, स्क्रू, पत्र्याच्या कातरणी यांनी होणारं पंक्चर द्रव्याने भागतं. टायरच्या तळव्यात सहा मिलिमीटरपर्यंतचं भोक ते भरतं. पण स्पाइन रोडवर रात्री खड्ड्याची कड लागली आणि टायरची बाजू फाटली, तर ती बाटली ओतून काही होत नाही. ज्या टायरची बाजू जेमतेम बारा-तेरा सेंटिमीटर उंच, त्याला हा धोका जास्तच. म्हणून स्टेपनी ठेवणाऱ्याला मी वेड्यात काढत नाही. न बांधता ठेवणाऱ्याला काढतो.

आता थोडा हिशोब. ताशी 50 किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे 14 मीटर. समोरच्या कंटेनरवर आदळून गाडी एक दशांश सेकंदात थांबली, तर आतल्या प्रत्येक वस्तूला तिच्या वजनाच्या सरासरी चौदापट जोर लागतो. चाक 18 किलोचं धरा. अडीचशे किलोचा धक्का झाला, आणि ही नुसती सरासरी आहे. क्षणभरासाठी तो दुप्पटही होऊ शकतो. त्यातून चाक सैल असेल तर वाईटच. गाडी थांबायला लागते तेव्हा ते आधीच्याच वेगाने पुढे येत असतं आणि सीटच्या पाठीवर एकदम आदळतं. त्या पाठीला टेकून मागे कोण बसतं, हे मी सांगायला नको.

म्हणून पहिला नियम: चाकाला पळायला जागाच ठेवू नका. ते आडवं झोपवा, त्याची कड मागच्या सीटच्या पाठीला भिडवा, मग बांधा. पुढच्या बॉनेटखाली ठेवायचा मोह आवरा. बीई 6 चा तिथला कप्पा 45 लिटरचा आहे, त्यात पाऊण मीटर व्यासाचं चाक जाणार नाही.

बांधायचं कशाला, यावर आमच्या चिखलीत उत्तर तयार असतं. फॅब्रिकेशनच्या एका शेडमध्ये मी हाच विषय काढला तर तिथला कारागीर म्हणाला, “दादा, पट्टी घेऊन चार टाके मारून देतो, दहा मिनिटांत. हत्ती बांधा.” टाका उत्तम मारतो तो माणूस, त्याबद्दल वाद नाही. पण इलेक्ट्रिक गाडीच्या अंगावर वेल्डिंगचा करंट सोडायचा नाही, म्हणजे नाही. इलेक्ट्रॉनिक्स बिघडू शकतं, गंजरोधक थर जळतो आणि वॉरंटीवर पाणी पडतं. ड्रिलचंही तसंच. डिकीच्या तळाखाली मागची मोटर आणि तिच्या केबल असतात. खाली काय आहे हे न बघता भोक पाडणारा कारागीर कितीही जवळचा असो, त्याला चहा पाजून परत पाठवा.

बोल्ट किती जाड, असंही लोक विचारतात. बोल्टची काळजी करू नका. 8.8 ग्रेडचा साधा एम-8 बोल्ट दोन टनांच्या आसपास ओढ सोसतो. फाटतो तो पत्रा. डिकीचा तळ मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो. बोल्टच्या डोक्याखाली नुसता वॉशर असेल तर धक्क्याला बोल्ट शाबूत राहतो आणि पत्रा कागदासारखा फाटून वॉशरसकट वर येतो. मी अशी फाटलेली डिकी पाहिली आहे. बोल्टचं डोकं चकचकीत, नायलॉनवाला नट जागेवर, आणि त्याभोवती तळाला रुपयाएवढं भगदाड. जिथे भोक पाडणं खरोखर सुरक्षित आहे अशा पेट्रोल गाडीत पत्र्याच्या खालून तीन मिलिमीटर जाडीची, तळहाताएवढी पोलादी प्लेट द्या, तिचे कोपरे गोल करून घ्या, भोकाच्या कडेला रंग आणि सीलंट लावा. नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात डिकीत तळं.

आपल्या वाचकासाठी मात्र भोक नको, पट्टे. कंपनीने डिकीत सामान बांधायला कड्या दिल्या असतील तर त्या किती भाराच्या आहेत हे मॅन्युअलमध्ये बघा. ट्रकवाले वापरतात तसले रॅचेटचे पट्टे घ्या, 25 मिलिमीटर रुंदीचे, ज्यांच्या लेबलवर भार छापलेला असतो. एक नव्हे, दोन. ते रिमच्या भोकांतून ओवा आणि एकमेकांना छेदतील असे चार कोपऱ्यांकडे न्या. टायरवरून नुसता आडवा पट्टा टाकला तर चाक त्याखालून सरकतं. खाली जाड रबराची शीट घाला, खडखड थांबते. नायलॉनची दोरी आणि हुकवाला लवचिक पट्टा हे दोन्ही दुचाकीवर भाजीची पिशवी बांधायला ठेवा. आठवड्याने रॅचेट पुन्हा ओढा, कारण रबर दबतं आणि पट्टा सैल पडतो.

यात एक गोम आहे, आणि ती भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. स्टेपनी लावली, की काढलेलं चाक कुठे जाणार? पातळ चाक 155 मिलिमीटरचं, काढलेलं 245 चं, अलॉयसकट कितीतरी जड. स्पोर्ट्‌स कारवाल्यांना हे दुखणं जुनं आहे. पोर्शे 911 मध्ये सत्तरच्या दशकापासून नाकाडात हवा काढून चपटं केलेलं चाक असायचं आणि लावताना ते कॉम्प्रेसरने फुगवायचं. काढलेलं रुंद चाक त्या खाचेत मावत नसे, ते केबिनमध्ये घ्यावं लागे. पोर्शेच्या काही गाड्यांत त्यासाठी पिशवीच देत. माझदाच्या पहिल्या एमएक्स-5 ला पातळ स्टेपनी होती, पुढच्या पिढ्यांत तीही गेली आणि बाटली आली. तेव्हा पट्टे लांब घ्या, मोठं चाकही त्यांनीच बांधता यायला हवं, आणि घरच्या अंगणात एकदा खरोखर बांधून बघा. पंक्चर नेहमी पाऊस, अंधार आणि चारचाकीभर माणसं असतानाच होतं.

जॅक आणि पाना हेही सुटे लोळू देऊ नका. जॅक चाकाच्या पोटात ठेवून त्याच पट्ट्यात घ्या. बीई 6 चा बॅटरीचा खोका मजल्याखाली आहे, त्यामुळे जॅक ठरलेल्या जागीच, रबरी ठोकळा घालून. अलॉयचे नट स्टीलच्या रिमवर बसतीलच असं नाही. नटाची बसणी शंकूसारखी आहे की गोल, ते चाकाबरोबर आजच जुळवून घ्या.

आणि हवा. पातळ चाकावर टी अक्षर असेल तर त्याचा दाब बहुतेक 60 पीएसआय असतो; पंपावरचा मुलगा सवयीने 35 भरतो. वेग 80 च्या आत. मागचं चाक पंक्चर झालं असेल आणि चारही टायर एकाच मापाचे असतील तर पुढचं चांगलं चाक मागे न्या आणि पातळ चाक पुढे लावा. जोर मागच्या चाकांवर आहे, तिथे दोन वेगळ्या मापांची चाकं नकोत. हे काम दुप्पट आहे खरं, पण करा.

पुढच्या आठवड्यात कॅलिपर, मध्ये अजून कोणाचं पत्र आलं नाही तर. तोवर एवढं करा: स्टेपनी असो वा नसो, डिकीतल्या पंक्चरच्या बाटलीवरची मुदत वाचा. ती संपली असेल तर नवी बाटली आणा.