जलाशयावरील गुळगुळीत पट्टे

कुरवंड्याच्या मुलांना भुशीचे धरण व वळवणचा जलाशय परिचित असतात. मंद वारा सुटला म्हणजे तेथील पाण्यावर बारीक लहरी उठतात. मधले काही लांब पट्टे मात्र आरशासारखे गुळगुळीत राहतात. ‘तेथे पाणी उथळ असेल’, असे एखादा विद्यार्थी हमखास सांगतो. हा समज जिवावर बेतणारा आहे, तो शिक्षकांनी प्रथम दूर करावा. पट्ट्यावरून खोली ओळखता येत नाही.

कुजणाऱ्या पाल्यातून व सूक्ष्म जलवनस्पतींतून सुटलेल्या स्निग्ध द्रव्यांचा अत्यंत पातळ पापुद्रा बहुधा तेथे जमलेला असतो. लहरीबरोबर तो ताणला व आकुंचित होतो. पृष्ठताण जागोजागी कमीअधिक होऊन आखूड लहरी लवकर विरतात. मोठ्या लाटांना त्याची फारशी बाधा होत नाही. लंडननजीकच्या एका तळ्यावर चमचाभर तेलाने सुमारे अर्धा एकर पाणी शांत झाल्याचा बेंजामिन फ्रँकलिन यांचा वृत्तान्त १७७४ साली प्रसिद्ध झाला.

वर्गात एक परात पुरे. ती राखेने स्वच्छ घासावी, कारण घरच्या परातीला तेलाचा अंश असतोच. पाण्यावर हलकी फुंकर घालून लहरी दाखवाव्यात. मग गोडेतेलाचे बोट मध्यभागी टेकवून पुन्हा तितकीच फुंकर घालावी. परात खिडकीशी ठेवल्यास तिरप्या उजेडात फरक मागच्या बाकावरूनही दिसतो.