लाल विंचू आणि गार पडलेले पाय

सोलापूरकडच्या वाड्यावस्त्यांवर इंगळीची दहशत मोठी. काळीकभिन्न, मोठ्या नांग्यांची इंगळी दिसली की माणसं चपला शोधायला लागतात. लहान मुलांच्या अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरांना मात्र खरी धास्ती असते ती तिच्यापेक्षा कितीतरी लहान अशा लाल विंचवाची. दगडाखाली, कडब्याच्या गंजीत, गोवऱ्यांच्या ढिगात तो दडलेला असतो. बापाला टोचतो तेवढंच विष तो तीन वर्षांच्या पोरालाही टोचतो. पोराचं वजन बारा-तेरा किलो, म्हणून तेवढंच विष त्याच्या जिवावर बेततं.

या विषाने मज्जापेशींवरची सोडियमची सूक्ष्म दारं वेळेवर मिटत नाहीत, त्यामुळे मज्जातंतू संदेश सोडतच राहतात. आधी उलट्या होतात, लाळ गळते, अंगातला सदरा पिळून काढावा इतका घाम येतो. मुलग्यांमध्ये लिंग ताठतं; घरचे संकोचून ही गोष्ट सांगत नाहीत, पण डॉक्टरांसाठी ती महत्त्वाची खूण असते. मग अॅड्रेनलिनसारखी रसायनं रक्तात ओसंडतात आणि रक्तवाहिन्या आवळतात. पाय आधी गार पडतात, तो गारठा वर चढत जातो. आवळलेल्या वाहिन्यांत रक्त ढकलता ढकलता हृदय थकतं, फुप्फुसात पाणी भरतं, तोंडाला गुलाबी फेस येतो.

डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा अशी मुलं डोळ्यांदेखत जात होती. झोपेची औषधं, अॅट्रोपीन असे उपाय चालायचे, पण गुण येत नव्हता. बावस्कर रुग्णाच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, हातापायांचा गारवा टिपत राहिले. 1982 मध्ये ही लक्षणं ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. वाहिन्या आवळल्यामुळे मरण येत असेल तर त्या सैल करायला हव्यात, हा त्यांचा तर्क. रक्तदाबावरची प्राझोसिन ही स्वस्त गोळी नेमकं तेच काम करते. तिच्यावरचा त्यांचा लेख 1986 मध्ये पुन्हा ‘लॅन्सेट’मध्ये आला. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी चौथा हिस्सा किंवा त्याहून जास्त दगावत; प्राझोसिननंतर हे प्रमाण काही टक्क्यांवर उतरलं. बालअतिदक्षता म्हटलं की आपल्याला व्हेंटिलेटर आठवतो. महाराष्ट्राने या क्षेत्राला दिलेलं मोठं संशोधन मात्र जिथे साधं यंत्र नव्हतं अशा ठिकाणी सुरू झालं, हे मला फार मोलाचं वाटतं.

पुढचा टप्पा प्रतिविषाचा. बावस्कर दांपत्याने महाडलाच 70 रुग्णांवर चाचणी केली आणि 2011 मध्ये ती ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आली. नुसत्या प्राझोसिनवर दहा तासांत 35 पैकी 8 जण बरे झाले, तर जोडीला प्रतिविष दिलेल्यांत 35 पैकी 32. बावस्करांना 2022 मध्ये पद्मश्री मिळाली.

मंत्राने विंचू उतरतो असं सांगणारे आजही भेटतात. त्यामागचं गुपित साधं आहे. ज्या दंशात नुसत्याच वेदना असतात तो बहुधा आपोआप बरा होतो, आणि श्रेय मांत्रिकाला जातं. गंभीर रुग्ण मात्र अनेकदा वेदनेबद्दल फारसं बोलत नाही; त्याला घाम फुटलेला असतो. पोर रडायचं थांबलं म्हणून घरचे निर्धास्त होतात, आणि तोच वेळ हातचा जातो.

अक्कलकोट किंवा मंगळवेढ्याच्या वस्तीवरून सोलापूरच्या सर्वोपचार रुग्णालयापर्यंतचा रस्ता लांबचा आहे. म्हणून प्राझोसिनचा पहिला डोस वाटेतल्या आरोग्य केंद्रातच मिळायला हवा. मात्रा वजनावर ठरते, किलोमागे 30 मायक्रोग्रॅम. हातपाय ऊबदार होईपर्यंत दर तीन तासांनी ती पुन्हा द्यावी लागते. गोळी दिल्यावर मुलाला कडेवर उचलायचं नाही, आडवंच ठेवायचं, कारण उभं धरल्यास रक्तदाब एकदम कोसळू शकतो. म्हणूनच ही गोळी घरी, स्वतःच्या मनाने देऊ नका. मात्र आपल्या गावच्या आरोग्य केंद्रात प्राझोसिन आणि विंचवाचं प्रतिविष आहे का, हे पेरणीची गडबड सुरू होण्याआधी जाऊन विचारा. नसेल तर ग्रामसभेत मागा.